कणेरीच्या ग्रामजीवन म्युझियमला मुलांना नेताना काय काय दाखवावं?

रानजाई :
मे महिन्यात कोल्हापूरला जातोय. अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा ठरलेलंच आहे पण यावेळी एक अख्खी सकाळ कणेरी मठाच्या सिद्धगिरी ग्रामजीवन म्युझियमला द्यायची असं मी घरात जाहीर करून टाकलंय. मुलगा सहावीत, मुलगी तिसरीत. सासूबाई बरोबर आहेत, त्यांचं माहेर कागलकडचं, मोट, जातं, खळं हे सगळं त्यांनी स्वतः बघितलेलं आणि केलेलं.
माझा प्रश्न असा की पुतळे बघून मुलांना नक्की काय समजतं? कारण मी असं बघते की लोक प्रत्येक देखाव्यापुढे उभे राहतात, फोटो काढतात, "किती खरं वाटतंय ना" म्हणतात आणि पुढे सरकतात. खरं वाटतं हे कबूल, पण काम म्हणजे हालचाल आणि पुतळा तर थांबलेला असतो. कुंभाराचं चाक फिरत नाही, भात्यातून हवा येत नाही. मग मुलांना आधी काही सांगून न्यावं का, की तिथे जाऊन त्यांचं त्यांना बघू द्यावं? जाऊन आलेल्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

घाटमाथा :
नक्की जा. कोल्हापूरपासून १०-१२ किमी, बंगळुरू हायवेने गोकुळ शिरगावकडे निघायचं आणि मग आत वळायचं. सगळं उघड्यावर आहे त्यामुळे मे महिन्यात सकाळी लवकर गाठा, टोप्या आणि पाणी बरोबर ठेवा. सासूबाई असतील तर घाई करू नका, चालणं बरंच होतं.

पाटाचंपाणी :
आमच्या कोल्हापूरची गोष्ट निघाली आणि मी गप्प बसणार, हे व्हायचं न्हाई.
ताई, सात एकरांवर पसरलंय ते. ८०च्या आसपास प्रसंग आणि ३००च्या आसपास पुतळे, सगळे माणसाच्या उंचीचे, सिमेंटचे. आधी गुहेसारख्या वाटेनं जायचं, तिथं ऋषिमुनी आहेत, कणाद पतंजली वगैरे, मग बाहेर आलं की गाव सुरू. न्हावी, लोहार, सुतार, कुंभार, वैद्य, सोनार, आखाड्यातली पोरं, पेरणी चाललेली, मोट चाललेली. माझं म्हणणं एवढंच की चेहरे बघू नका, हात बघा. लोहाराच्या मनगटाच्या शिरा, दळणाऱ्या बाईचा खुंट्यावरचा हात, न्हाव्यानं गिऱ्हाईकाची मान कशी धरलीय. ज्यांनी घडवलंय त्यांनी ही कामं जवळून बघितलेली आहेत हे तिथंच कळतं. बोटं चुकीची धरली असती तर आमच्यासारख्याला लगेच खटकलं असतं.

सई_कुलाबा :
+१ हातांबद्दल. मी तर म्हातारीच्या टाचांच्या भेगा बघत बसले होते.

चाडं :
रानजाई, तुमचा प्रश्न बरोबर आहे. पुतळा थांबलेला असतो म्हणूनच बरोबर सांगणारं माणूस लागतं, आणि तुमच्याकडे सासूबाई आहेत. पण मुलांना एखादं यंत्र आधी नीट समजावून न्या, सगळं नको, एकच. मी मोट निवडेन. माझे वडील मोट हाकायचे म्हणून जरा लांबण लावतो.
मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी, खाली निमुळती होत गेलेली लांब सोंड. दोर दोन असतात हे बहुतेक लोकांच्या लक्षातच येत नाही. जाड दोर तो नाडा, तो वरच्या चाकावरून जातो आणि मोटेचं वजन उचलतो. बारीक दोर तो सोंदूर, तो सोंडेला बांधलेला असतो आणि खालच्या आडव्या लाटेवरून, म्हणजे लाकडी रुळावरून, जातो. दोन्ही दोर बैलांच्या जुवाला. मोट विहिरीतून वर येताना सोंड वर दुमडलेली राहते, तिचं तोंड मोटेच्या तोंडाच्या पातळीला, म्हणून पाणी सांडत नाही. काठावर आली की नाडा मोटेला आणखी वर नेतो पण सोंदूर सोंडेला खालच्या लाटेवरून बाहेर थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या हौदात, ओढतो. सोंड खाली झाली की सगळं पाणी भसकन थारोळ्यात आणि तिथून पाटात. कुणी हात लावत नाही, कळ दाबत नाही. दोन दोरांची लांबी बरोबर जमली की झालं.
बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासून निघणाऱ्या उतरत्या वाटेवरून, खाली जातात तेव्हा मोट वर येते, कारण उताराला बैलांचं स्वतःचं वजन कामाला येतं. वडील त्या वेळी नाड्यावर बसायचे, त्यांचंही वजन. मग बैल उलट्या पावली धाव चढून मागे यायचे आणि मोट पुन्हा विहिरीत. पहाटेपासून हेच, आणि त्याबरोबर गाणं, कारण गाण्याच्या लयीवर बैलांना कुठे थांबायचं, कुठून मागे यायचं ते कळायचं.
मुलाला सांगा की तिथे गेल्यावर दुसरा दोर शोधायचा. तो त्या देखाव्यापुढून पंधरा मिनिटं हलणार नाही.

सई_कुलाबा :
उलट्या पावली? म्हणजे बैलांना रिव्हर्स गिअर होता :D

चाडं :
होता, आणि तो शिकवायला महिनाभर जायचा. नवं खोंड सरळ चालायला लगेच शिकतं, मागं यायला नाही.

माळरान :
धागा छान चाललाय. मला त्या म्युझियममधली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे स्वयंपूर्ण गाव. बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार, प्रत्येकाला काम, प्रत्येकाच्या घरी धान्य. पैशाशिवाय सगळं चालायचं. आजच्या मुलांना हे कळलं पाहिजे की एकमेकांवर विसंबून जगता येतं. आपण शेजाऱ्याचं नाव विचारत नाही आता.

नीरा_भीमा :
माळरान, एकमेकांवर विसंबून जगणं मलाही हवंहवंसं वाटतं, पण या वाक्यावर मी थांबले. मी महारवाड्यातून आलेल्या घरातली आहे, आजी जिवंत असेपर्यंत तिच्याकडून ऐकलंय म्हणून लिहिते.
बलुतं सगळ्यांना सारखं नव्हतं. थोरली, मधली, धाकटी अशा ओळी होत्या आणि खळ्यावर कुणाला किती पेंढ्या, किती पायल्या हे ओळीवर ठरायचं. काम मात्र ठरलेलं नव्हतं. मेलेलं जनावर ओढणं, सांगावा घेऊन रात्री दुसऱ्या गावाला जाणं, सरकारी माणूस आला की त्याचं ओझं वाहणं, जे पडेल ते. आणि हे सोडता येत नव्हतं, बापाचं काम मुलाला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनांच्या (पिढीजात गावकामाच्या) कायद्यात दुरुस्तीचं बिल मांडलं ते याचसाठी, आणि खालची वतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडलं.
आता कोल्हापूरचं सांगते. ज्या संस्थानात कणेरी होतं तिथे शाहू महाराजांनी १९१८ सालीच महार वतन रद्द केलं आणि जमिनी त्या लोकांच्या नावावर केल्या. कुलकर्णी वतन पण काढलं आणि पगारी तलाठी नेमले. म्हणजे बारा बलुत्यांचं गाव जिथे इतक्या प्रेमाने उभं केलंय, त्याच मातीतल्या राजाला त्या व्यवस्थेतला अन्याय दिसला आणि त्याने तो मोडला. मुलांना दोन्ही सांगा ना. पुतळा कारागिरी दाखवतो, ती खरीच आहे. पण विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका दाखवल्या की त्या विहिरीवर कोण येऊ शकत नव्हतं हे पुतळा दाखवू शकत नाही, कारण जो नाही त्याचा पुतळा कसा करणार. ते बरोबरच्या मोठ्या माणसानेच सांगायचं असतं. महाडचं चवदार तळं १९२७चं आहे, फार जुनी गोष्ट नाही ही.

पाटाचंपाणी :
ताई, मनापासून पटलं. शाहू महाराजांचं तर आम्ही कोल्हापूरकरांनी आधी सांगायला पाहिजे होतं.

माळरान :
नीरा ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुमच्या आजींनी भोगलंय त्यापुढे वाद घालायचा माझा विचार नाही. पण एक म्हणणं अजून आहे. तिसरीतल्या मुलीला सहलीच्या दिवशी हे सगळं एकदम सांगावं का? तिला आधी कुंभाराचं चाक आवडू दे, लोहाराचा भाता आवडू दे. कारागिराबद्दल आदर आला की त्याच्यावर झालेल्या अन्यायाची चीड आपोआप येईल.

नीरा_भीमा :
क्रम तुम्ही म्हणता तसा चालेल. वगळणं चालणार नाही एवढंच. आणि तिसरीतल्या मुलांना अन्याय मोठ्यांपेक्षा लवकर कळतो, डब्यातला लाडू कुणाला कमी मिळाला ते विचारून बघा.

घाटमाथा :
सहमत, दोघांशीही.

उत्तरवारा :
मी स्टॉकहोमला राहते, इथलं स्कान्सेन म्हणजे जगातलं पहिलं ओपन एअर म्युझियम समजतात, १८९१ साली आर्टुर हासेलिउस यांनी सुरू केलं. स्वीडनभरातून जुनी लाकडी घरं, चर्च, पवनचक्की सोडवून आणून इथे पुन्हा उभी केली, आज दीडशेच्या आसपास इमारती आहेत. पुतळे नाहीत, जुन्या पोशाखातली खरी माणसं घरात बसलेली असतात, चुलीवर काहीतरी शिजत असतं, कुणी सूत कातत असतं आणि तुम्ही त्यांना काहीही विचारू शकता. माझा मुलगा काच फुंकणाऱ्या माणसापुढून हलायला तयार नसतो.
रानजाईचा हालचालीचा प्रश्न इथे सुटतो. पण मला एक गोष्ट इथे राहून जाणवलीय, इथल्या घरात शिरताना ते घर खरं असतं, कुणीतरी त्यात जन्मलेलं आणि मेलेलं असतं, उंबरा झिजलेला असतो. त्याचा परिणाम वेगळा होतो. आपल्याकडे असं घरं हलवून केलेलं कुठे आहे का?

मुरंबा :
आहे की! चेन्नईजवळ मुट्टुकाडूला दक्षिणचित्र. १९९६ला उघडलं. तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, आंध्रातली जुनी घरं पाडली जाणार होती ती विकत घेऊन, खांब-तुळया सोडवून तिथे परत बांधली. लॉरी बेकर यांचा हात आहे आखणीत. चेट्टिनाडचं व्यापाऱ्याचं घर आहे, आणि आपल्याला जवळचं म्हणजे इलकलच्या विणकराचं घर आहे, आपल्या आज्यांची इरकली लुगडी जिथून यायची तिथलं. शिवाय मुलांना मातीकाम वगैरे हाताने करता येतं. हात माखले की मुलं खूश.

वनवासी_पाखरू :
भोपाळचं मानव संग्रहालय कुणीच कसं नाही लिहिलं. श्यामला हिल्सवर, २०० एकर, खाली मोठा तलाव. आदिवासी वस्त्यांतली घरं त्या त्या समाजाच्या लोकांनी येऊन स्वतः बांधलीत, आपापल्या पद्धतीने, आपापल्या मातीने सारवून. मला हे सगळ्यात पटतं, कारण घर कसं बांधायचं हे ज्याचं त्याने ठरवलं. सोमवारी बंद असतं, गाठ बांधा.

कातळशिल्प :
कोकणातलं राहिलं. गणपतीपुळ्याला प्राचीन कोकण आहे, टेकडीच्या उतारावर झाडीत, पुतळ्यांचंच आहे पण गाईड बरोबर फिरवतात आणि झाडांची माहिती देतात. सावली भरपूर. मे महिन्यात जायचं तर मी ते सुचवेन :)

पाटाचंपाणी :
कोल्हापूरच्या धाग्यावर येऊन रत्नागिरीला पळवताय होय पाव्हणं?

कातळशिल्प :
दोन्ही बघा, आंबा घाट उतरला की आलंच आमचं.

खडू_फळा :
मी शिक्षिका आहे, सहली घेऊन जाते. आधी मुलं रांगेत पळत पळत सगळं बघायची आणि बसमध्ये विचारलं तर "आखाडा भारी होता" एवढंच. आता प्रत्येकाला एकच देखावा वाटून देते, तिथे बसायचं आणि तीन गोष्टी शोधायच्या. या माणसाला लागणारा माल कुठून येतो, याने केलेली वस्तू कोण नेतं, आणि याला काय मिळतं. लोहाराकडे कोळसा कुठून? कुंभाराला सरपण कुठून? मग मुलं एकमेकांच्या देखाव्यांकडे पळायला लागतात, कारण सुताराला लोहार लागतो आणि लोहाराला भात्याच्या चामड्यासाठी चांभार. गाव कसं बांधलेलं होतं हे त्यांना त्या पळापळीत कळतं. आणि नीरा ताईंचा मुद्दा तिसऱ्या प्रश्नात आपोआप येतो, "मॅडम, याला एवढंच का?" असं मुलंच विचारतात.

चाडं :
मॅडम, हे फार आवडलं. पेरणीच्या देखाव्यासाठी एक प्रश्न माझ्याकडून. पाभरीच्या (पेरणीच्या अवजाराच्या) मागे चाड्यावर मूठ कोण धरतंय ते बघायला सांगा. चाडं म्हणजे वरची लाकडी वाटी, तिला भोकं, प्रत्येक भोकातून एक नळी खाली फणाच्या मागे. मुठीतून बी सारखं सुटलं तरच सगळ्या नळ्यांत सारखं जातं. आमच्याकडे मूठ घरातल्या सगळ्यात जाणत्या माणसाकडे असायची, ती चुकली तर वर्ष चुकलं. (माझ्या आयडीचं रहस्य उघड झालं.)

लोखंडीफाळ :
मला एका गोष्टीवर बोलायचंय. आपण "पूर्वीचं गाव" म्हणतो तेव्हा जणू ते हजार वर्षं तसंच उभं होतं असं धरतो. तसं नाहीये. कणेरीपासून फार लांब नाही, पलीकडे सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी, १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळावर वसवली. त्यांचा लोखंडी नांगर घ्यायला शेतकरी सुरुवातीला तयार नव्हते, लोखंडानं जमीन नासते अशी समजूत होती. मग लाकडी नांगर गेला, उसाचा लाकडी चरक जाऊन लोखंडी चरक आला, मग इंजिन आलं आणि मोट बंद झाली. एकेक वस्तू गेली की तिच्यामागे एकेक माणूस गेला, मोट गेली की मोट शिवणाऱ्या चांभाराचं काम गेलं. मिरची आणि भुईमूगसुद्धा पोर्तुगीजांच्या काळात बाहेरून आलेले, मिरचीशिवाय कोल्हापूर कल्पून बघा. मुलांना विचारावं की या गावात पुढच्या पन्नास वर्षांत काय बदललं असेल. त्यांना हा खेळ आवडतो, माझ्या पुतण्याने पानभर यादी केली होती.

पाटाचंपाणी :
मिरचीशिवाय कोल्हापूर? दादा असं लिहीत जाऊ नका, काळजात चर्र झालं.

माळरान :
पेवाबद्दल पण सांगा कुणीतरी, आमच्या वाड्यात होतं. जमिनीखाली बरणीच्या आकाराचा खड्डा, तोंड अरुंद, आतून शेणामातीनं लिंपलेला आणि कडेनं पेंढा. ज्वारी वर्षानुवर्षं राहायची. उघडल्यावर लगेच कुणी उतरायचं नाही, आत कोंदलेली हवा असते, माणूस जागीच कोसळतो. तोंड उघडं ठेवून वाट बघायची, मग कंदील सोडायचा, तो विझला नाही तरच माणूस. लहानपणी आम्हाला त्या जागेच्या आसपास फिरकू द्यायचे नाहीत.

सई_कुलाबा :
बापरे, हे माहीतच नव्हतं. कार्बन डायऑक्साइड साठत असणार, धान्य पण श्वास घेतं ना.

ओवी_गाते :
जात्याच्या देखाव्यापुढे मुलांना एक ओवी तरी ऐकवा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, बायकांच्या आवाजातल्या रेकॉर्डिंग नेटवर ऐकायला मिळतात. त्यात सासर माहेर आहे, विठ्ठल आहे, आणि नीरा ताई, बाबासाहेबांवरच्या ओव्या पण खूप आहेत. फोनवर लावा आणि देखाव्यापुढे उभ्या राहा, बघा काय होतं.

नीरा_भीमा :
हो, भीमाच्या ओव्या. आजी म्हणायची. थँक यू याची आठवण काढल्याबद्दल.

रानजाई :
जाऊन आलो! सगळ्यांचे आभार, अर्ध्या गोष्टी तर मी फोनवर हा धागा उघडून वाचत होते.
मुलाला दुसरा दोर शोधायचं काम दिलं होतं, तो देखाव्याच्या चारी बाजूंनी फिरला, जमिनीवर बसून बघितलं आणि मग आजीला धरून प्रश्नांची सरबत्ती. सासूबाई आधी नुसत्या हो-हो करत होत्या, मग एकदम त्यांनी पदर खोचला आणि धाव, थारोळं, पाट सगळं हवेत हाताने काढून दाखवलं. तोपर्यंत आजूबाजूला आणखी दोन कुटुंबं येऊन उभी. एका अनोळखी आजोबांनी "आमच्यात सोंदूर असा नव्हता बांधत" म्हणून वाद सुरू केला, वीस मिनिटं ते दोघं बोलत होते आणि आम्ही सगळे ऐकत होतो. मला जी हालचाल हवी होती ती तिथे मिळाली.
खडू_फळा मॅडमचे तीन प्रश्न मुलीला दिले. तिने कुंभार घेतला. "याला काय मिळतं" ला सासूबाई म्हणाल्या, सुगीला धान्य. मुलगी म्हणाली आणि सुगी नाही झाली तर? सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या त्याला कमी, आपल्याला पण कमी, पण त्याला आपल्या आधी कमी. विहिरीपाशी मी नीरा ताईंनी लिहिलेलं सांगितलं. मुलाने सरळ आजीलाच विचारलं की तुमच्या विहिरीवर येऊ द्यायचे का. त्यांनी सांगितलं, नाही द्यायचे, आम्ही वरून ओंजळीत ओतायचो. हे त्या आमच्या घरात याआधी कधी बोलल्या नव्हत्या.
आता एक नवीन काम निघालंय. सासूबाईंच्या माहेरच्या घरी जातं पडून आहे, ते आणायचं ठरलंय. पण त्या म्हणतात दगड गुळगुळीत झालाय, पीठ पडणार नाही. काय करतात अशा वेळी?

नीरा_भीमा :
रानजाई, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. हे बोलायला सोपं नसतं.

ओवी_गाते :
टाकी लावून घ्यावी लागेल. छिन्नी-हातोडीने खालच्या-वरच्या दोन्ही दगडांवर बारीक टवके काढतात, म्हणजे दगड पुन्हा खरखरीत होतो. पूर्वी दारावर "टाकीऽऽ लावायची का" अशी हाळी यायची. पाटा-वरवंट्याला टाकी लावणारे आठवडी बाजारात अजून बसतात, त्यांनाच विचारा.

पाटाचंपाणी :
कागलच्या बाजारात चौकशी करतो आणि सांगतो ताई. जातं आणताना मधला खुंट आणि मांजरी (वरच्या दगडाच्या भोकात खुंटावर बसणारा तुकडा) लाकडी असेल तर ती पण तपासा, कीड लागलेली असली तर सुताराकडून नवी करून घ्या.

चाडं :
आणि टाकी लावल्यावर पहिलं दळण खायचं नाही, त्यात दगडाची कच येते. जाडंभरडं काहीतरी पसाभर दळून टाकून द्या, जातं पुसा, मग पुन्हा एकदा तसंच करा. दाताखाली कचकच लागत नाही असं वाटलं की ज्वारी घ्या. सुरुवातीला एका वेळी बोटभरच वैरण, म्हणजे दाणे, घालायची, जास्त घातली की पाळू (वरचा दगड) वर उचललं जातं आणि भरडा पडतो. मुलांना दोघांना समोरासमोर बसवा, एकट्याने ओढवणार नाही त्यांना.